रंगाच्या आधी मोनोग्राम: जुन्या मोटरसायकलचे बॅज आणि स्टिकर कसे मिळवायचे

जुनी गाडी नव्याने उभी करताना बहुतेक जण एकच क्रम धरतात. आधी इंजिन, मग वायरिंग, मग रंग, आणि सगळं झाल्यावर टाकीवरचा मोनोग्राम, म्हणजे कंपनीच्या नावाचा बॅज, आणि स्टिकर. माझ्या काकांची १९८४ची बुलेट मीही याच क्रमाने करायला घेतली. पेंटरला टाकी आणि टूलबॉक्स देताना मीच सांगितलं, 'पत्रा दिसेपर्यंत घासा.' त्याने सांगितलं तसं केलं. टूलबॉक्सवरची झिजलेली सोनेरी अक्षरं त्यात गेली. ती किती उंच होती, कडेपासून किती अंतरावर होती, शेवटचं अक्षर कुठे संपत होतं, याची कुठेच नोंद नव्हती. रंग आठ दिवसांत झाला, ती अक्षरं परत मिळवायला सात महिने लागले.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की मोनोग्रामचा शोध गाडी खोलायच्या दिवशी सुरू करा. मापं गाडीच्या अंगावरच असतात आणि ती घासली की गेली.

पॉलिश पेपर लावण्याआधी

गाडी आधी साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. थिनर किंवा पेट्रोलचा बोळा अजिबात लावू नका, त्याने उरलीसुरली अक्षरं विरघळतात. गाडी वाळली की फोटो काढा. प्रत्येक भागाचा एक फोटो अगदी समोरून, कॅमेरा पत्र्याला समांतर धरून घ्या आणि चौकटीत स्टीलची पट्टी ठेवा. तिरप्या फोटोवरून पुढे माप निघत नाही.

मग ट्रेसिंग. बटर पेपर मास्किंग टेपने टाकीवर ताणून बसवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासा. मोनोग्रामची कड, स्क्रूची भोकं, स्टिकरची जाडी, सगळं कागदावर उमटतं. कागदावर दोन पक्क्या खुणा हव्यातच, उदाहरणार्थ टाकीची खालची शिवण आणि पेट्रोलच्या झाकणाचा मध्य. या खुणांशिवाय आकार मिळतो, पण जागा मिळत नाही. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी ट्रेस करा. हाताने बनलेल्या जुन्या टाक्यांच्या दोन्ही बाजू क्वचितच तंतोतंत सारख्या असतात.

अक्षरं दिसतच नसली तरी लगेच हार मानू नका. स्टिकर निघून गेलेल्या जागी त्याची सावली राहते, कारण त्याच्या खालच्या रंगावर कमी ऊन पडलेलं असतं. मित्राच्या येझदीच्या साइड बॉक्सवर दुपारी काहीच दिसत नव्हतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी दारात आडवी उभी केली, ओल्या फडक्याने डबा पुसला आणि डोळा पत्र्याच्या पातळीला आणून पाहिलं. पाणी वाळत आलं तशी काळ्या रंगात थोडी जास्त काळी अशी अक्षरांची ओळ वर आली, शेवटच्या अक्षराच्या शेपटीसकट. जेमतेम अर्धा मिनिट दिसली. पुन्हा ओलं केलं, पुन्हा दिसली. तेवढ्या वेळात मित्राने मास्किंग टेपचे बारीक तुकडे लावून अक्षरांच्या कडा पकडल्या. अंधारात टॉर्च अगदी आडवा धरूनही हे जमतं.

यावर एखाद्या मधल्या मालकाने रंग मारला असेल, तर २००० नंबरच्या पाणीपेपरने तळहाताएवढा भाग हळूहळू घासा. वरचा थर उतरला की कधीकधी खालचं मूळ ट्रान्सफर (पाण्यात भिजवून चिकटवलेलं पातळ छापील चित्र) जसंच्या तसं निघतं. घाई केली तर तेही जातं.

गाडी नेमकी कोणत्या सालची

एकाच मॉडेलचे मोनोग्राम सालागणिक बदललेले असतात, म्हणून शोधाआधी साल पक्कं करा. आरसी बुकात उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, पण चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर जाऊन स्वतः वाचा. जुन्या गाड्यांमध्ये टाकी एका गाडीची आणि चासी दुसऱ्या गाडीची हे सर्रास आढळतं.

बुलेटवाले इथे हमखास फसतात. १९७० आणि ८०च्या दशकात मद्रासला बनलेल्या बुलेट 'एनफिल्ड इंडिया' कंपनीच्या. त्यांच्या टाकीवर नाव येतं ते नुसतं 'एनफिल्ड'. १९९४ साली कंपनी आयशरकडे गेली आणि त्यानंतर 'रॉयल एनफिल्ड' हे नाव पुन्हा गाडीवर आलं. दुकानात मात्र कुठल्याही सालच्या बुलेटला पंखांचा, 'रॉयल' लिहिलेला चकचकीत मोनोग्राम काढून देतात. ८४च्या गाडीवर तो दिसायला सुंदर दिसेल, पण चुकीचा असेल.

जावा-येझदीचंही तसंच. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून आधी जावा नावाने गाड्या निघाल्या, मग येझदी नावाने, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. या गाड्यांच्या इंजिन कव्हरवर नाव ओतलेलं असतं. चाळीस-पन्नास वर्षांत कव्हरं इकडची तिकडे झालेली असतात, त्यामुळे फक्त कव्हरवरचं नाव वाचून टाकीचा मोनोग्राम ठरवू नका. यामाहाच्या आरएक्स १००चं उत्पादन १९८५ ते १९९६ चाललं. तिथेही 'आरएक्सचा सेट द्या' एवढं म्हणणं पुरेसं नाही, साल आणि टाकीचा रंग दोन्ही सांगावे लागतात.

पुरावा म्हणून कंपनीचं पार्ट्स बुक सर्वांत भरवशाचं. त्यात मोनोग्रामचा पार्ट नंबर असतो, आणि डाव्या-उजव्याचे नंबर वेगळे असतील तर तेही कळतं. त्यानंतर त्या काळची माहितीपत्रकं आणि मासिकांतल्या जाहिराती. पण मला सर्वांत उपयोगी पडला तो घरातला लग्नाचा अल्बम. काकू नव्या बुलेटवर बसल्याचा एक फोटो होता आणि टूलबॉक्स जवळजवळ समोरून दिसत होता. फोटोत टूलबॉक्सची रुंदी ४० मिलिमीटर आणि अक्षरांची १८, म्हणजे ४५ टक्के. खऱ्या टूलबॉक्सची रुंदी हातात होतीच. तिच्या ४५ टक्के काढले आणि हरवलेलं माप सापडलं. नात्यातल्या, शेजारच्या, गावातल्या लोकांचे अल्बम मागा. त्या काळी गाडी घेतली की फोटो काढलेलाच असे.

हातात आहे ते काय आहे

मोनोग्राम कशाचा आहे हे न ओळखता तो क्रोमिंगला देऊ नका. लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर पत्रा. नाही चिकटला आणि हलका लागला तर अॅल्युमिनियम किंवा प्लॅस्टिक. जड असेल तर मागच्या बाजूला कोपऱ्यात हळूच खरवडा. पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं तर जस्ताची डायकास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेलं जस्त. जस्ताचा तुकडा क्रोमवाल्याने लोखंडासारखा ॲसिडच्या टाकीत टाकला तर अक्षरांच्या कडा खाल्ल्या जातात. 'हे जस्त आहे, आधी तांबं चढवा, मग निकेल, मग क्रोम' असं स्पष्ट सांगा, आणि जस्त करणारा माणूस शोधा. सगळे करत नाहीत.

स्टिकरमध्येही प्रकार आहेत. जुन्या गाड्यांवर पाण्यात भिजवून सरकवायचं पातळ ट्रान्सफर असे. नंतर व्हिनाइलचे स्टिकर आले. बोट फिरवलं की कड लागते तो व्हिनाइल, आणि कड लागतच नाही तर ते ट्रान्सफर किंवा क्लिअर कोटखाली (रंगावर मारलेल्या पारदर्शक थराखाली) गाडलेला स्टिकर. आणि काही गोष्टी स्टिकर नसतातच, त्या हाताने रंगवलेल्या असतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

शोध कुठे घ्यायचा

पहिली फेरी तुमच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या डीलरकडे. एजन्सी बंद झालेली असली तरी दुकान त्याच कुटुंबाचं असतं आणि माळ्यावर न विकलेला माल पडून असतो. फोनवर विचारलं तर 'नाही' असंच उत्तर येतं. प्रत्यक्ष जा, पार्ट नंबर लिहिलेला कागद आणि मूळ मोनोग्रामचा फोटो सोबत न्या, माळा बघू द्या म्हणा, धूळ झाडायला हात लावा. मला एनफिल्डचा उजवा मोनोग्राम असाच एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर, मेणकागदात गुंडाळलेला मिळाला.

पुण्यात नाना पेठेतली सुट्या भागांची दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, ही नेहमीची ठिकाणं. बुलेटच्या सामानासाठी दिल्लीचं करोल बाग, आणि एकूणच जुन्या मालासाठी चेन्नईचं पुदुपेट. भंगारात सुटा मोनोग्राम क्वचितच मिळतो, बहुतेक वेळा तो सडक्या टाकीवर बसलेला असतो. अशी टाकी फुटकी म्हणून सोडू नका. टाकी भंगाराच्या भावात मिळते आणि मोनोग्राम, स्क्रू, खालचं रबर सगळं एकत्र हाती लागतं.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी जमतात. पुण्या-मुंबईच्या अशा मेळाव्यात एका सकाळी इतक्या मूळ गाड्या दिसतात की वर्षभर शोधूनही तेवढं कळणार नाही. मालकाला विचारून बटर पेपरवर ट्रेसिंग घ्या. आपल्या गाडीचं कौतुक करणाऱ्याला सहसा कोणी नकार देत नाही.

लांबून मागवणार असाल तर तीन फोटो मागा: समोरून पट्टीसकट, मागून, आणि आडवा धरून. मागची बाजू सर्वांत जास्त बोलते. मूळ कंपनी मालाच्या मागे साच्याच्या खुणा, बसवायचे खुंट, कधी नंबर असतो. नव्या नकलेची पाठ बहुधा सपाट, खडबडीत किंवा ग्राइंडरने घासलेली असते. आडव्या फोटोत गोलाई पाहा. टाकी बाकदार असते आणि सपाट मोनोग्राम स्क्रूने ओढून बसवला की मधोमध तडकतो. पुठ्ठा टाकीवर धरून तिची गोलाई कापून घ्या आणि तो पुठ्ठा विक्रेत्याला पाठवा. तोच तुमचा गेज.

आणि जोडी नीट तपासा. पंख किंवा रेषा असलेल्या मोनोग्रामला डावा-उजवा असतो, शेपटी दोन्ही बाजूंना मागे जायला हवी. दोन डावे घेऊन घरी आलेली माणसं मी पाहिली आहेत.

रेडियमवाल्याकडून स्टिकर बनवून घेताना

कुठेच मिळालं नाही तर बनवून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. चांगल्या मापावरून केलेला नवा स्टिकर बाजारातल्या ढोबळ नकलेपेक्षा मूळच्या जास्त जवळ जातो.

ट्रेसिंग सपाट करून स्कॅन करा, सोबत पट्टी ठेवूनच. रेडियमवाला, म्हणजे स्टिकर कापून देणारा दुकानदार, ते कोरलड्रॉ या संगणकावरच्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये घेऊन रेषा ओढतो. इथे त्याच्या शेजारी बसा. तो हमखास म्हणेल की 'याच्यासारखा फॉन्ट माझ्याकडे आहे'. नको म्हणा. जुन्या कंपन्यांची अक्षरं हाताने आखलेली होती, तयार फॉन्टमध्ये ती बसत नाहीत. एकाच नावातले दोन 'ई' सुद्धा किंचित वेगळे असू शकतात. प्रत्येक अक्षर ट्रेसिंगवरून ओढायला लावा. मग साध्या कागदावर १०० टक्के मापाची प्रिंट घ्या, कापा, टाकीवर चिकटवा आणि दहा पावलं मागे जाऊन पाहा. ही कागदी तालीम मी किमान तीनदा करतो. चूक कागदावर सापडली तर खर्च काहीच नाही.

आता माल. व्हिनाइल दोन प्रकारचं मिळतं. कॅलेंडर्ड व्हिनाइल स्वस्त आणि जाड, साधारण ८० ते १०० मायक्रॉन. ते काही महिन्यांत आक्रसतं आणि बाकावर उचललं जातं. कास्ट व्हिनाइल ५० मायक्रॉनच्या आसपास, महाग, पण गोलाईवर बसतं आणि बसलेलं राहतं. टाकीसाठी कास्टच मागा. एकरंगी अक्षरं असतील तर प्रिंट न करता रंगीत व्हिनाइल प्लॉटरवर (स्टिकर कापायच्या मशीनवर) कापून घ्या, कारण प्रिंटची शाई उन्हाने उडते, मुळात रंगीत असलेलं व्हिनाइल जास्त टिकतं. सोनेरी आणि चंदेरी प्रिंट करूच नका, ती पिवळी आणि राखाडी दिसतात. त्या रंगाचं व्हिनाइलच घ्या.

प्रिंट केलेलीच हवी असेल तर शाई पूर्ण एक दिवस मोकळ्या हवेत वाळू द्या. मला एका दुकानाने प्रिंट काढून तासाभरात लॅमिनेट करून दिलं होतं. शाईतलं सॉल्व्हंट आत अडकलं आणि वरून क्लिअर मारल्यावर स्टिकर सुरकुतला. सगळी टाकी पुन्हा घासावी लागली. त्या दिवसापासून क्लिअरखाली जाणारा स्टिकर मी लॅमिनेट करतच नाही.

एका वेळी दोन सेट बनवून घ्या. कापायचे कष्ट तेच असतात, आणि दुसरा सेट हाताशी असला की पहिला लावताना हात थरथरत नाही.

धातूचा मोनोग्राम ओतून घेताना

एक बाजू शाबूत आणि दुसरी गायब, ही नेहमीची अडचण. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी ओतकाम करून मिळतं, पण मूळ मोनोग्रामच पॅटर्न म्हणून, म्हणजे साच्याचा ठसा घ्यायचा नमुना म्हणून, वाळूत दाबू देऊ नका. धातू थंड होताना आक्रसतो, पितळ साधारण दीड ते दोन टक्के. ९० मिलिमीटरचा मोनोग्राम दीड मिलिमीटरने लहान निघतो, स्क्रूची भोकं जुळत नाहीत आणि डावीकडचा-उजवीकडचा फरक डोळ्यांना खुपतो. मूळ वस्तू थ्रीडी स्कॅन करून तेवढी मोठी प्रिंट काढा आणि तिला पॅटर्न करा. डाव्यावरून उजवा हवा असेल तर त्याच फाइलमध्ये आकृती उलटी करता येते, पण अक्षरं उलटी होणार नाहीत याकडे लक्ष द्या. भोकं ओतायची नाहीत, नंतर टाकीवरून माप घेऊन पाडायची.

खाचेत भरायच्या रंगासाठी इनॅमल पेंट घ्या. बारीक ब्रशने खाच थोडी जास्तच भरा, रंग अर्धवट घट्ट झाला की पोस्टकार्डाच्या कडेला सुती फडकं ताणून वरचा पृष्ठभाग एका दिशेने पुसा. बोटावर फडकं घेतलं तर ते खाचेत शिरतं आणि रंग उचलतं.

हाताची रेषा

बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा चेन्नईतल्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात कारागीर ब्रशने हाताने ओढत आले आहेत. तिथे स्टिकरची पट्टी लावली तर ती सगळीकडे एकसारखी जाड येते, आणि तेवढ्याने गाडी निर्जीव दिसते. हाताची रेषा वळणावर किंचित फुगते आणि टोकाला निमुळती होते. तुमच्या गावात जुना नंबर प्लेट रंगवणारा किंवा बोर्ड लिहिणारा पेंटर असेल तर त्याला गाठा. लायनिंगचा लांब केसांचा ब्रश त्याच्याकडे असतो आणि हातही असतो. त्याला टाकी स्टँडवर, कमरेच्या उंचीला लावून द्या आणि वेळ द्या. ही माणसं आता कमी उरली आहेत, त्यांना त्यांच्या कामाचे पूर्ण पैसे द्या.

लावण्याचा दिवस

स्टिकर क्लिअरखाली जाणार असेल तर पेंटरशी आधीच बोला. बेस रंग वाळल्यावर स्टिकर लावायचा, आणि त्यावर हार्डनर मिसळायचा दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर मारायचा. पहिला हात अगदी हलका, धुक्यासारखा. पहिलाच हात ओला मारला तर सॉल्व्हंट स्टिकरची कड उचलतं. तो सुकला की दुसरा आणि तिसरा हात. मग क्लिअर पूर्ण पक्कं झाल्यावर २००० नंबरचा पाणीपेपर मारून कड सपाट करा आणि शेवटचा हात द्या. या क्लिअरची वाफ फुप्फुसांना घातक असते. साधा रुमाल चालत नाही, रंगकामाचा फिल्टर मास्क लागतोच. क्लिअर नसलेल्या स्टिकरवर पेट्रोल सांडलं की कड सुटते, म्हणून टाकीवरचा स्टिकर मी कधीच उघडा ठेवत नाही.

लावताना सकाळची वेळ आणि सावली बघा. तापलेल्या पत्र्यावर गोंद लगेच धरतो आणि सरकवायला वाव राहत नाही. ट्रेसिंगवरच्या शिवण आणि झाकणाच्या खुणांवरून मास्किंग टेपने जागा आखा. पत्र्यावर पाणी आणि शांपूचे दोन थेंब फवारा, स्टिकर ठेवा, जागेवर सरकवा, मग रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढा. बुडबुडा राहिलाच तर बारीक सुईने टोचून दाबा. वरचा कागद घाईने ओढू नका, अर्धा तास थांबा आणि पत्र्याला जवळजवळ चिकटून मागे वळवत काढा. क्लिअर मारायचं असेल तर पाणी पूर्ण सुकायला एक रात्र द्या.

पाण्याचं ट्रान्सफर कोमट पाण्यात मिनिटभर ठेवा. बोटाने सरकायला लागलं की कागदासकट टाकीवर न्या आणि कागद खालून ओढून घ्या. उलट करू नका, ते फाटतं.

धातूच्या मोनोग्रामखाली पातळ रबर ठेवा, नाहीतर नव्या रंगावर गोल ओरखडा उमटतो आणि पाणी साचून गंज धरतो. मोनोग्रामचा स्क्रू मूळ लांबीचाच हवा, एक सूतही जास्त नको, कारण मागे पेट्रोल आहे. दोन्ही स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा आणि बसला की थांबा.

कागदपत्रांचं थोडक्यात

मूळ मोनोग्रामबरोबर मूळ रंगही करणार असाल आणि आरसीवर वेगळा रंग नोंदला असेल, तर आरटीओत रंगबदलाची नोंद करून घ्या. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदणी करता येते. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, तेव्हा वरची सगळी मेहनत तिथेही कामाला येते. आणि कंपनीचं नाव-चिन्ह ट्रेडमार्क असतं. स्वतःच्या गाडीसाठी एक जोडी करून घेणं वेगळं आणि शंभर जोड्या छापून विकणं वेगळं.

उरलेला सेट गुंडाळी करून ठेवू नका. दोन बटर पेपरांच्या मधे, सपाट, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि वर गाडीचं साल, चासी नंबर आणि टाकीवरची मापं लिहा. काकांच्या बुलेटचा तुटका डावा मोनोग्रामही मी त्याच पाकिटात ठेवला आहे. गेल्या पावसाळ्यात सांगलीहून एक मुलगा त्याच्या आजोबांच्या ८३च्या बुलेटसाठी तो ट्रेस करून घेऊन गेला.